जोडप्यांचं समुपदेशन: पहिल्या फोनपासून शेवटच्या सत्रापर्यंत

दोघांमधला जिव्हाळा आटत चाललाय हे कळतं लवकर. त्यासाठी तिसऱ्या माणसाकडे जायचं, हे ठरायला मात्र फार वेळ लागतो. आम्हालाही लागला. आमच्या घरात काय बिनसलं होतं ते इथे सांगत नाही, कारण वाचणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. पण समुपदेशन ठरवल्यापासून ते संपेपर्यंत नेमकं काय काय होतं, कुठे थांबावं लागतं, कुठे गाडी अडते, हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरीच धास्ती कमी झाली असती. म्हणून हा सगळा प्रवास क्रमाने लिहितो आहोत.

आधी एक गैरसमज. समुपदेशकाकडे जायला मोठी भांडणं व्हावी लागत नाहीत. घर सुरळीत चालू असतं, बिलं वेळेवर भरली जातात, चारचौघांत हसणं-बोलणं होतं, आणि तरीही दिवसभराचं बोलणं म्हणजे फक्त निरोपांची देवाणघेवाण उरते. आनंदाची बातमी आधी मित्राला सांगाविशी वाटते आणि जोडीदाराला नंतर, जमलं तर. आमच्या मते जाण्याची खरी वेळ हीच. कडवटपणा मुरल्यावर गेलं तरी फरक पडतो, पण काम जास्त लागतं.

एकजण तयार आणि दुसरा नाही, हे सर्रास होतं. अशा वेळी 'तुझ्या स्वभावामुळे जावं लागतंय' असा सूर लागला की विषय तिथेच संपतो. 'मला तुझ्याजवळ यायचंय आणि मला ते एकट्याने जमत नाहीये' हे वाक्य खरं असेल तरच बोला, पण खरं असेल तर नक्की बोला. सोबत मुदत सांगा: तीन सत्रं करून बघू, मग पुढे जायचं की नाही ते दोघं मिळून ठरवू. नाखूश माणसाला बाहेर पडायची वाट दिसत असली की आत यायला तो तयार होतो.

मग शोध. इथे दोन-तीन आठवडे सहज जातात. वैयक्तिक समुपदेशन उत्तम करणाऱ्या सगळ्यांनाच जोडप्यांसोबत काम करता येतं असं नाही. ते वेगळं कौशल्य आहे, त्याचं प्रशिक्षणही वेगळं असतं. समोर दोन माणसं, दोघांची बाजू एकाच वेळी समजून घ्यायची आणि न्यायाधीश व्हायचं नाही, हे कठीण काम. म्हणून पहिल्या फोनवर स्पष्ट विचारा: जोडप्यांसोबत काम करण्याचं प्रशिक्षण घेतलंय का? कोणत्या पद्धतीने काम करता? एक सत्र किती वेळाचं असतं? वैयक्तिक सत्र साधारण ५० मिनिटांचं असतं, पण जोडप्यांसाठी ७५ ते ९० मिनिटं असतील तर ती घ्या. ५० मिनिटांत विषय उघडतो, पण मिटवायला वेळ उरत नाही, आणि उघडा विषय घेऊन दोघं घरी जातात. दोघांपैकी एकजण ज्यांच्याकडे आधीपासून जातो, त्यांच्याकडेच जोडीने जाणं टाळा. तिथे दुसऱ्याला पहिल्या मिनिटापासून परकं वाटतं.

खर्चाचा हिशोब तीन सत्रांवर करू नका. भावनाकेंद्री पद्धतीत, म्हणजे भांडणाच्या विषयापेक्षा त्याखालच्या भावनांवर काम करणाऱ्या पद्धतीत, साधारण ८ ते २० सत्रं धरली जातात. सू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात विकसित केलेली ही पद्धत. तेव्हा किमान डझनभर सत्रांची तजवीज मनात ठेवा. फोनवरच विचारून घ्या: सुरुवातीच्या पाहणीच्या सत्रांची फी तेवढीच का, ऐनवेळी सत्र रद्द केलं तर पैसे जातात का (बहुतेक ठिकाणी २४ तास आधी कळवावं लागतं), उत्पन्नानुसार सवलत आहे का. प्रशिक्षण संस्थांच्या केंद्रांत शिकाऊ समुपदेशक अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली काम करतात. तिथे फी बरीच कमी असू शकते, आणि देखरेख असल्यामुळे काम अनेकदा काळजीपूर्वक होतं.

आणखी एक प्रश्न आवर्जून विचारा, कारण तो विचारायचं सुचत नाही: एकाने स्वतंत्रपणे सांगितलेली गोष्ट तुम्ही दुसऱ्यापासून लपवून ठेवता का? याबाबत प्रत्येकाचं धोरण वेगळं असतं. काहीजण स्पष्ट सांगतात की नात्यावर परिणाम करणारं कोणतंही गुपित ते पोटात ठेवणार नाहीत. हे आधी माहीत असलं की मागाहून विश्वासघात झाल्यासारखं वाटत नाही.

वेळ मिळेपर्यंत थांबावं लागतं, त्या काळात फॉर्म येतात. संमतीपत्र नीट वाचा. गोपनीयतेचे अपवाद त्यात लिहिलेले असतात. कुणाच्या जिवाला धोका, मुलांवर अत्याचार, न्यायालयाचा आदेश हे सर्वसाधारणपणे त्यात येतात. सोबत प्रश्नावली असते. जुनी आणि खूप वापरली गेलेली म्हणजे ग्रॅहम स्पॅनियर यांची १९७६ ची, ३२ प्रश्नांची. पैसा, नातेवाईक, प्रेम दाखवणं, एकत्र हसणं, वेगळं व्हायचा विचार, अशा गोष्टींवर दोघांचं किती जुळतं हे ती विचारते आणि एकूण गुण ० ते १५१ मध्ये येतात. प्रश्नावली वेगवेगळ्या खोलीत भरा आणि एकमेकांची बघू नका. बघितलीत की 'इथे तू दोन का दिलेस' यावर संध्याकाळ जाते आणि पहिल्या सत्राला दोघं आधीच दमून पोचता.

फॉर्ममध्ये किंवा स्वतंत्र सत्रात मारहाण, धमक्या, पैशांवर किंवा बाहेर जाण्यावर बंधनं याबद्दल प्रश्न असतात. खरी उत्तरं द्या. घरात भीती असेल तर जोडीने समुपदेशन योग्य ठरत नाही, कारण सत्रात मोकळेपणाने बोललेल्याची किंमत घरी मोजावी लागते. अशा वेळी आधी सुरक्षितता आणि स्वतंत्र मदत. चांगला समुपदेशक हे स्वतःहून सांगतो.

पहिलं सत्र दोघांचं एकत्र. 'आत्ताच का आलात?' हा प्रश्न हमखास येतो, त्याचं उत्तर एकेका वाक्यात तयार ठेवा. मग तुम्ही कसे भेटलात, एकमेकांत काय आवडलं, कोणता कठीण काळ एकत्र काढलात, हे विचारतात. हा गप्पांचा भाग नसतो. जुन्या आठवणी सांगताना दोघांचा आवाज मऊ होतो की त्यातही कुरकुर येते, यावरून समुपदेशकाला बरंच कळतं. पुष्कळदा एखादा मतभेदाचा विषय देऊन दहा-पंधरा मिनिटं आपापसात बोलायला सांगतात आणि स्वतः गप्प बसतात. फार अवघडल्यासारखं होतं. तरी सभ्यपणाचं नाटक न करता जसं घरी बोलता तसंच बोला, कारण समुपदेशकाला बघायचं असतं तेच. जोडप्यांवर संशोधन करणारे मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी अशी हजारो संभाषणं चित्रित करून अभ्यासली. त्यांचं एक निरीक्षण आम्ही पुढे कायम लक्षात ठेवलं: बोलणं कसं संपणार हे पहिल्या तीन मिनिटांवरून बरंचसं कळतं. सुरुवात आरोपाने झाली की शेवट क्वचितच गोड होतो.

पहिल्या सत्रानंतर बरं वाटेल ही अपेक्षा ठेवू नका. बहुतेकांना रितं, उघडं पडल्यासारखं वाटतं. परतीच्या वाटेवर सत्राची उजळणी नको. त्या दिवशी दुसरं महत्त्वाचं काम ठेवू नका.

पुढे प्रत्येकाचं एक-एक स्वतंत्र सत्र होतं. लहानपणी रडू आलं तर जवळ कोण यायचं, घरात राग कसा दाखवला जायचा, हे नातं टिकवायची इच्छा मनापासून किती आहे, बाहेर कुणाशी नातं आहे का, असे प्रश्न. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल आणि ते नातं चालूच ठेवायचं असेल, तर जवळीक परत आणण्याचं काम पुढे सरकत नाही.

त्यानंतरचं सत्र निष्कर्षांचं, आणि आमच्या मते संपूर्ण प्रक्रियेतलं सर्वांत मोलाचं. आपण कशावरून भांडतो याची यादी घेऊन लोक येतात, आणि समुपदेशक ती यादी बाजूला ठेवून आपण कसं भांडतो याचं चित्र समोर मांडतो. सर्वांत जास्त दिसणारी घडण म्हणजे एकजण पाठलाग करतो, दुसरा माघार घेतो. पहिला विचारतो, टोचतो, आवाज चढवतो. दुसरा गप्प होतो, खोलीतून उठतो, कामात डोकं घालतो. पहिल्याला ती उपेक्षा वाटते म्हणून तो आणखी टोचतो, दुसऱ्याला तो हल्ला वाटतो म्हणून तो आणखी आत जातो. अँड्र्यू क्रिस्टेन्सन यांनी १९९०च्या सुमारास या चक्राचा बारकाईने अभ्यास केला. यात सुरुवात कुणी केली हे शोधणं व्यर्थ आहे, कारण प्रत्येकाची कृती दुसऱ्याच्या कृतीचं उत्तर असते.

असं का होतं, याचं उत्तर बालमानसशास्त्रात सापडलं. जॉन बॉल्बी आणि मेरी एन्सवर्थ यांनी दाखवलं की मूल आईवडिलांपासून दुरावलं की आधी आक्रोश करतं, चिकटतं, आणि उत्तर आलंच नाही तर हळूहळू तुटक होतं. १९८७ मध्ये सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांनी मांडलं की मोठ्या माणसांचं प्रेमही याच बंधाच्या चालीने चालतं. म्हणजे टोचणारा जोडीदार 'तू आहेस ना?' असंच विचारत असतो, फक्त ते रागाच्या आवाजात येतं. आणि गप्प झालेला जोडीदार बेफिकीर असेलच असं नाही. बऱ्याचदा तो 'मी काहीही बोललो तरी चुकणारच' या भीतीने थिजलेला असतो. हे आपल्या दोघांबद्दल एका तिऱ्हाईताच्या तोंडून ऐकताना रडू येतं. येऊ द्या. खोलीत टिश्यूचा डबा त्यासाठीच ठेवलेला असतो.

हे चक्र कागदावर उतरवून काढायला सांगतात. पाच ओळी पुरतात: मला काय दिसलं, मी त्याचा काय अर्थ लावला, शरीरात काय झालं, मी काय केलं, आणि माझं ते वागणं जोडीदाराला कसं दिसलं असेल. उदाहरणार्थ: मी बोलत असताना तू फोन उचललास, मला वाटलं, माझं बोलणं तुला नकोसं झालंय, छातीत आवळलं, मी म्हणालो, 'राहू दे, तुला काही सांगण्यात अर्थच नाही', तुला माझा तिरस्कार दिसला. लोक चौथ्या ओळीपर्यंत पटापट लिहितात आणि पाचवीवर अडतात. पाचवी ओळ दोघांना जमेपर्यंत समुपदेशक पुढे जात नाही, आणि ते बरोबर आहे. कागद दोघांचा मिळून एकच ठेवा. दोन वेगळे कागद म्हणजे पुन्हा दोन फिर्यादी.

या टप्प्यावर थांबण्याचा नियमही शिकवतात, आणि तो सर्वांत जास्त चुकीचा वापरला जातो. भांडणात नाडीचे ठोके मिनिटाला १०० च्या वर गेले की समोरच्याचं बोलणं कानावर पडतं पण समजत नाही. त्या अवस्थेत समजूतदारपणाची अपेक्षा करणं फोल. म्हणून विराम घ्यायचा, तो किमान २० मिनिटांचा, कारण शरीर निवायला तेवढा वेळ लागतोच. पण ज्याने विराम मागितला त्यानेच परत येण्याची वेळ सांगायची, आणि ती पाळायची. 'मला अर्धा तास दे, साडेनऊला बोलू' हे चालतं. नुसतं 'मला आत्ता नको' म्हणून निघून जाणं हा अबोलाच झाला, आणि पाठलाग करणाऱ्याची भीती त्याने दुप्पट होते. दुसऱ्याने त्या वेळात दाराशी येऊन 'झालं का?' विचारायचं नाही. आणि त्या २० मिनिटांत मनातल्या मनात उत्तरांची जुळवाजुळव केली तर नाडी खाली येत नाही. चालायला जा, घडी घालायचे कपडे घ्या, गाणं ऐका. विषय दुसऱ्या दिवसापलीकडे ढकलू नका.

साधारण दुसऱ्या महिन्यात काम खोल जातं. रागाच्या खाली काय आहे, हे समुपदेशक पुन्हा पुन्हा, हळू आवाजात विचारतो. एकटेपणा, नाकारलं जाण्याची भीती, आपण कमी पडतोय याची लाज, असं काही तरी वर येतं. मग तो म्हणतो, 'हे मला नको, त्यांच्याकडे वळून त्यांना सांगा.' सगळ्यात कठीण मिनिटं हीच. 'तू मला कधीच वेळ देत नाहीस' हे वर्षानुवर्षं म्हणून झालेलं असतं. 'तुझ्या आयुष्यात माझी गरज उरली नाही अशी मला भीती वाटते' हे म्हणताना जीभ जड होते.

इथे एक गोष्ट नेमाने बिघडते. एकजण मोठ्या धैर्याने मन उघडतो आणि दुसऱ्याच्या तोंडून निघतं, 'मग हे इतके दिवस का नाही सांगितलंस?' त्यामागे दुष्टपणा नसतो. इतक्या वर्षांनंतर अचानक आलेल्या मऊपणावर चटकन विश्वास बसत नाही. चांगला समुपदेशक लगेच तिथे थांबवतो आणि ऐकणाऱ्याला विचारतो, 'हे ऐकून घेणं अवघड का जातंय?' बोलणाऱ्याने त्या क्षणी पुन्हा कवचात जाऊ नये म्हणून तो त्याच्या बाजूला उभा राहतो. घरी हा प्रयोग समुपदेशकाशिवाय करायची घाई करू नका. सत्रात दोन-तीनदा नीट जमल्यावर मग घरी.

अशा जवळिकीचा परिणाम शरीरावरही दिसतो. जेम्स कोन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये १६ विवाहित स्त्रियांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली. विजेचा सौम्य धक्का बसणार असं सांगितलेलं असताना नवऱ्याचा हात हातात असेल तर मेंदूतली धोक्याची प्रतिक्रिया कमी होत होती, आणि नातं जितकं चांगलं तितकी ती जास्त कमी. अनोळखी माणसाच्या हाताने एवढा फरक पडत नव्हता.

सत्रं आठवड्यातून एकदा असतात. मधले दिवस घरच्या सरावाचे. रोज २० मिनिटं, नात्याबाहेरच्या ताणांबद्दल बोलायचं: दहा मिनिटं एकाने, दहा दुसऱ्याने. ऐकणाऱ्याने सल्ला द्यायचा नाही आणि समोरच्याच्या विरोधकाची बाजू घ्यायची नाही. 'तुझ्या साहेबांचंही बरोबर असेल' या एका वाक्याने ती २० मिनिटं वाया जातात. 'मग तुला कसं वाटलं?' पुरतं. आनंदाच्या बातमीलाही हेच लागू. शेली गेबल यांचं संशोधन सांगतं की चांगल्या बातमीला उत्साहाने, चार प्रश्न विचारून प्रतिसाद देणाऱ्या जोड्या अधिक समाधानी असतात. 'अरे वा' म्हणून फोनकडे वळणं त्यात बसत नाही.

दुसरा सराव छोट्या हाकांचा. 'बघ ना, बाहेर केवढं आभाळ भरून आलंय' ही हवामानाची माहिती नसते, ती हाक असते. गॉटमन यांनी नवविवाहित जोडप्यांचा सहा वर्षं माग ठेवला. एकत्र राहिलेल्या जोड्यांनी अशा हाकांना ८६ टक्के वेळा साद दिली होती, विभक्त झालेल्यांनी ३३ टक्के. प्रत्येक हाक ओळखू येईल असं नाही, पण आठवडाभर लक्ष ठेवलं तर किती सुटतात ते कळतं. आम्हाला या सगळ्यात हाच भाग सर्वांत सोपा आणि सर्वांत लवकर फळ देणारा वाटला.

शरीराची जवळीक थांबलेली असेल तर तिचा वेगळा क्रम असतो. विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या लैंगिकतेच्या अभ्यासकांनी १९७० मध्ये मांडलेल्या स्पर्शाच्या सरावात पहिल्या टप्प्यात संभोग आणि लैंगिक अवयवांना स्पर्श, दोन्ही ठरवून वर्ज्य असतात. पंधरा-वीस मिनिटं एकाने स्पर्श करायचा, दुसऱ्याने घ्यायचा, मग अदलाबदल. समोरच्याला खूश करणं हा हेतू नसतो. हाताला काय जाणवतंय, ऊब, पोत, दाब, यावर लक्ष ठेवायचं. बंधन मोडून लगेच पुढे जायचा मोह होतो, पण मोडलं की 'पुढे काय होणार' ही धास्ती परत येते, आणि धास्ती जावी म्हणूनच तर ते घातलेलं असतं. वेदना होत असतील, किंवा औषधांमुळे इच्छा कमी झाली असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या आसपास एखादं जुनं भांडण जसंच्या तसं पुन्हा होतं आणि सगळं फुकट गेलं असं वाटतं. त्या आठवड्यात सत्र रद्द करावंसं वाटतं. नेमकं तेच सत्र चुकवू नका. गॉटमन यांच्या मते जोडप्यांच्या वादांपैकी ६९ टक्के वाद कायमचे असतात, म्हणजे स्वभाव आणि सवयींतल्या फरकांतून आलेले, न सुटणारे. समाधानी जोड्यांचेही तेवढेच. फरक असा की त्या जोड्यांत वाद चालू असतानाही एका कटू क्षणामागे साधारण पाच चांगले क्षण असतात: मान हलवणं, हलकासा विनोद, 'हे तुझं बरोबर आहे'. तेव्हा भांडण झालं का यापेक्षा ते किती लवकर ओळखू आलं आणि कुणी आधी हात पुढे केला, हे समुपदेशकाला सांगा. आधी चार दिवस चालणारा अबोला आता त्याच संध्याकाळी संपत असेल, तर काम होतंय.

काहींच्या बाबतीत वेगळं होण्याचा निर्णयही याच खोलीत होतो. तो प्रक्रियेचा पराभव मानू नये. उरलेली सत्रं मुलांना काय सांगायचं आणि एकमेकांशी कसं वागायचं, यासाठी वापरता येतात.

शेवट एकदम होत नाही. आठवड्याची सत्रं पंधरवड्यावर जातात, मग महिन्यावर. पहिली प्रश्नावली पुन्हा भरायला देतात, आणि या वेळी दोघांचे गुण शेजारी ठेवून बघतात. एकाचे वाढलेत आणि दुसऱ्याचे नाहीत, असं असेल तर थांबायची वेळ आलेली नाही. शेवटच्या सत्रात चक्राचा तो कागद पुन्हा काढून त्याखाली आता आपण काय वेगळं करतो, हे दोघांच्या शब्दांत लिहून घेतात. तो घरी न्या. तीन किंवा सहा महिन्यांनंतरच्या एका भेटीची तारीख त्याच दिवशी ठरवून घ्या, सगळं ठीक असलं तरी. मूल होणं, नोकरी बदलणं, घरात आजारपण येणं अशा वेळी जुनं चक्र डोकं वर काढतं. तारीख आधीच ठरलेली असली की 'परत जायचं का' या प्रश्नावरून नवा वाद होत नाही. फाइल किती काळ जपून ठेवतात तेही विचारून घ्या, म्हणजे परत गेलात तर सगळं पहिल्यापासून सांगावं लागत नाही.